प्रॅक्टिकलची ऑनलाइन वही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदी जर्नल बंद करून ऑनलाइन वही सुरू केली त्याला आमच्या विभागात आता काही वर्षे झाली. गोव्यातल्या इतर कॉलेजांतले सहकारी, आमचेच विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांचे आईवडील जे विचारतात, त्याची उत्तरे इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरणे ब्युरेटभोवती, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या खुणांच्या काचनळीभोवती, फिरतील. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्रवाल्यांनी आपापल्या टेबलावरची घालून घ्यावीत.

ऑनलाइन वही म्हणजे जर्नल टाइप करून अपलोड करायचे, एवढेच ना?

तसे करणार असाल तर नका करू. कागदी जर्नलच बरे, निदान अक्षर तरी सुधारते.

आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या दोन वह्या असतात. एक रफ. तिच्यावर ॲसिडचे डाग, खोडून परत लिहिलेली रीडिंग, मागच्या पानावर कँटीनचा हिशेब. दुसरी फेअर. तिला तपकिरी कव्हर, डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर शाईने एम (उद्देश), अपॅरेटस, प्रोसिजर आणि शेवटी चौकटीत रिझल्ट. सही फेअरवर होते, मार्क फेअरला पडतात आणि रफ वही मे महिन्यात रद्दीत जाते. प्रयोग झाला याचा पुरावा मात्र रफमध्येच असतो. फेअरमध्ये असते ते प्रयोग कसा व्हायला हवा होता याचे सुवाच्य वर्णन, आणि तेही बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेले.

ऑनलाइन वहीने रफची जागा घ्यायची आहे. रीडिंग दिसले की तिथल्या तिथे नोंदवायचे, नोंदीची वेळ आपोआप पडते, खोडले तर खोडलेलेही राहते. फेअर प्रत करायचीच नाही. एवढे एक पटत नसेल तर पुढचे वाचून काही उपयोग नाही.

फेअर नाही, तर मग मार्क कशाला द्यायचे?

उत्तर बरोबर आले याला वेगळे मार्क नाहीत. आम्ही दहापैकी चार मार्क निरीक्षणांना देतो, दोन गणिताला, दोन चुकीच्या अंदाजाला, म्हणजे हे उत्तर किती इकडेतिकडे असू शकते आणि का, ते लिहिण्याला. एक मार्क नमुन्याच्या आणि रसायनांच्या माहितीला, एक वेळेवर नोंद केल्याला. उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले आणि कारण नीट शोधले असेल तर पूर्ण मार्क मिळतात. पहिल्या सत्रात मुलांचा यावर विश्वास बसत नाही. एकाला खरेच दहापैकी दहा मिळाले की बसतो.

एका नोंदीत काय काय असावे?

वर तारीख, सुरू केल्याची वेळ, बॅच, जोडीतल्या दोघांची नावे, आणि दोघांपैकी ब्युरेट कोण चालवत होते व लिहीत कोण होते. पाण्याचा नमुना असेल तर कुठून घेतला, किती वाजता, पाण्याचे तापमान किती, आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी. हे शेवटचे मुले हमखास विसरतात. मांडवीला दिवसातून दोनदा भरती येते. रायबंदरच्या धक्क्यावर सकाळी घेतलेले पाणी आणि सहा तासांनी घेतलेले पाणी यांची क्षारता पाहिली तर दोन वेगळ्या नद्या वाटाव्यात. त्यात ऋतूचा फरक वेगळा: पावसाळ्यात वरून येणारे गोडे पाणी खाऱ्याला मुखाकडे रेटते, एप्रिल-मेमध्ये खारे पाणी नदीत खूप आतवर शिरते. नुसते ‘मांडवीचे पाणी’ लिहिलेली बाटली आम्ही टेबलावर घेत नाही.

मग रसायने. प्रत्येक बाटलीला क्रमांक, आणि त्या क्रमांकाचे वहीत स्वतंत्र पान: द्रावण कोणी बनवले, कधी बनवले, स्टँडर्डाइझ कधी केले (म्हणजे त्याची नेमकी तीव्रता कधी तपासली), नॉर्मॅलिटी (ती तीव्रता) किती आली. प्रयोगाच्या नोंदीत फक्त त्या पानाची लिंक द्यायची. ही गोष्ट कटकटीची वाटते. ती का करायची ते खाली थायोसल्फेटच्या गोष्टीत येईलच.

निरीक्षणांत ब्युरेटचे सुरुवातीचे रीडिंग आणि शेवटचे रीडिंग, दोन्ही. नुसता फरक लिहिला तर वजाबाकीतली चूक कधीच सापडत नाही. प्रोसिजर उतरवायची नाही. हँडआउटची लिंक द्यायची आणि आपण त्याहून वेगळे काय केले तेवढे लिहायचे. ‘स्टार्च लवकर घातला’, ‘तिसऱ्या वेळी फ्लास्क आपटला, थोडे सांडले’, असे.

नोंदींच्या क्रमांकाबद्दल एक. मायकेल फॅरडे आपल्या प्रयोगांच्या रोजनिशीत परिच्छेदांना ओळीने क्रमांक घालत गेले आणि तो क्रमांक १६,०४१ पर्यंत पोचला. कित्येक वर्षांपूर्वीच्या प्रयोगाकडे बोट दाखवायला त्यांना एक आकडा पुरत असे. आम्ही नोंदीचे नाव २०२५-०८-०५-प्र४-ज७ असे ठेवतो: वर्ष, महिना, दिवस, मग प्रयोग, मग जोडी. तारीख उलटी लिहिण्याचे कारण साधे आहे. दिवस पुढे ठेवला तर संगणक यादी लावताना पाच ऑगस्टच्या शेजारी पाच जानेवारी आणून बसवतो.

आमच्याकडे सर्व्हर नाही, पैसे तर नाहीतच. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी कॉलेजच्या खात्यावरचे गूगल डॉक्स आणि शीट्स पुरेत. मुलांना ते आधीपासून येते, फोनवर चालते, आणि बदलांचा इतिहास मिनिटांच्या हिशेबाने राहतो. कॉलेजकडे मायक्रोसॉफ्टची खाती असतील तर वननोटमधली क्लास नोटबुक वापरा. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा आपला विभाग असतो आणि शिक्षकाला सगळे विभाग दिसतात.

खास प्रयोगशाळेसाठी बनवलेली वही हवी असेल, तर ईलॅबएफटीडब्ल्यू हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये ते सुरू झाले. फुकट आहे; प्रयोगाचे साचे, रसायनांची यादी, नोंद कुलूपबंद करणे, नोंदीवर वेळेचा शिक्का मारणे हे सगळे त्यात आहे. पण ते आपल्या यंत्रावर बसवावे लागते, आणि लिनक्स व डॉकर हे शब्द ऐकून न घाबरणारा एक तरी माणूस विभागात लागतो. तो माणूस बदलून गेला तर काय, याचा विचार आधी करा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आणि एम.एस्सी.साठी मी हेच सुचवीन.

आकडेमोड किंवा प्रोग्रामिंगचा पेपर असेल तर ज्युपिटर. तिथे गणित, आलेख आणि टिपण एकाच पानावर बसते. बेंचलिंग ही ऑनलाइन वही डीएनएच्या क्रमांवर काम करणाऱ्यांना आवडते, ब्युरेटवाल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीत नोंद करायला सांगू नका. ते जमा करण्याची पेटी म्हणून चांगले आहे, वही म्हणून नव्हे.

गूगल डॉक्सवर वही नेमकी कशी लावायची?

शिक्षकाने आपल्या कॉलेजच्या खात्यावर वर्गाचे एक फोल्डर करावे. त्यात प्रत्येक जोडीचे फोल्डर. साचा एकदा बनवावा आणि प्रत्येक जोडीसाठी, प्रत्येक प्रयोगाला एक याप्रमाणे, त्याच्या प्रती शिक्षकानेच काढून ठेवाव्यात. दहा जोड्या आणि बारा प्रयोग म्हणजे एकशेवीस प्रती. एका रविवारचे काम आहे, आणि ते लॅब असिस्टंटवर ढकलू नये.

मालकी शिक्षकाकडे राहणे महत्त्वाचे आहे. डॉक्युमेंटची कॉपी काढली की नव्या प्रतीत जुना इतिहास येत नाही, वर्डमध्ये डाउनलोड केले तरी येत नाही. मुलांनी आपल्या खात्यात कॉपी करून त्यावर लिहिले तर कोण, कधी, काय हे सगळे गेले. मग कागदी जर्नलने काय वाईट केले होते?

जोडीतल्या दोघांना संपादनाचा अधिकार द्यावा, तोही त्यांच्या कॉलेजच्या ईमेलवर. खासगी जीमेलवर दिला की कोणत्या ‘कूल बॉय’ने रीडिंग बदलले ते शोधत बसावे लागते. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय बंदच ठेवावा. प्रॅक्टिकलनंतर अठ्ठेचाळीस तासांनी त्यांचा अधिकार ‘संपादन’वरून ‘टिप्पणी’वर आणावा. हे आमचे गरिबाचे कुलूप. नंतर काही सुचले तर ते टिप्पणीत लिहितात आणि मूळ नोंद तशीच राहते.

चुकीचे रीडिंग पुसायचे की नाही?

नाही. त्यावर रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचे. कागदावर आपण हेच शिकवतो, किंवा शिकवायला हवे. डॉक्समध्ये अक्षरांवर रेघ मारण्याची सोय आहे. शीटमध्ये ‘वगळले का’ आणि ‘का वगळले’ असे दोन रकाने ठेवा.

इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजण्याचा तेलाच्या थेंबाचा प्रयोग भौतिकशास्त्राच्या मुलांना ठाऊक असतो. रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३च्या लेखात ५८ थेंबांची मापे दिली आणि साठ दिवसांत ज्यांवर प्रयोग केला ते सगळे थेंब हेच, असे म्हटले. त्यांच्या वह्या टिकल्या. पुढे त्या उघडून पाहिल्यावर त्या काळात त्यांनी याहून बरेच अधिक थेंब पाहिले होते असे आढळले. वगळलेले धरले तरी इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचे उत्तर फारसे हलत नाही, आणि काही थेंब वगळायला सरळ कारणेही होती. तरी त्या एका वाक्यावरून अजून वाद चालतो. थेंब वगळल्याचा दोष कोणी दिला नसता. वगळले नाहीत असे लिहिले, तिथे गाडी अडली. आणि हे कळले ते वहीमुळेच. आमच्या मुलांना मी सांगतो, वगळायला बंदी नाही, लपवायला आहे.

सगळ्या बॅचचे उत्तर चुकले तर काय करायचे?

आनंद मानायचा. हे मी थट्टेने म्हणत नाही.

आम्ही विंकलर पद्धतीने पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन काढतो. बाटलीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचे, तपकिरी साका खाली बसतो, ॲसिडने तो विरघळवायचा, आयोडीन मोकळे होते आणि ते थायोसल्फेटने टायट्रेट करायचे, म्हणजे आयोडीन संपेपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडून ते किती लागले ते मोजायचे. शेवटी स्टार्चचा निळा रंग जातो. २०० मिलि नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतले तर सोय अशी की ब्युरेटचे जितके मिलि, साधारण तितकेच मिलिग्रॅम ऑक्सिजन प्रति लिटर.

चतुर्थीच्या सुटीनंतरचे पहिले प्रॅक्टिकल. चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावरून सकाळी आणलेले पाणी, तापमान २७ अंश. जोड्या एकेक करून सामाईक शीटमध्ये आकडे टाकू लागल्या: ८.६, ८.७, ८.९, ८.७. आता २७ अंशाला गोडे पाणी हवेतून ऑक्सिजन घेऊन घेऊन जेमतेम ८ मिलिग्रॅमपर्यंत जाते, मीठ असेल तर त्याहून कमी. शेवाळाने भरलेल्या नितळ पाण्याच्या तळ्यात दुपारी जास्त मिळू शकतो. पण सप्टेंबरच्या लाल गढूळ मांडवीत, सकाळी? शक्य कमीच.

जुनी पद्धत असती तर काय झाले असते ते मला नेमके माहीत आहे, कारण विद्यार्थी असताना मीही तेच केले आहे. पहिल्या दोन जोड्यांनी ‘किती यायला पाहिजे?’ असे विचारले असते, कोणीतरी ‘साताच्या आसपास’ म्हटले असते, आणि संध्याकाळपर्यंत सर्वांच्या फेअर जर्नलात ७.० ते ७.३ अवतरले असते.

इथे मात्र दहाही जोड्यांचे आकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर एका रांगेत होते. एक जोडी चुकली तर हात चुकला म्हणता येते; दहाही एकाच बाजूला चुकल्या तर दोष सर्वांत सामाईक असलेल्या वस्तूत शोधायचा. एका मुलीने रसायनांच्या रकान्यावर बोट ठेवले. सगळ्यांची थायोसल्फेटची बाटली एकच. तिचे पान उघडले तर द्रावण सुटीच्या आधी बनवलेले, स्टँडर्डाइझ केल्याची तारीखही तेव्हाचीच. थायोसल्फेट ठेवल्या ठेवल्या हळूहळू कमजोर होते. कमजोर झाले की तेवढ्याच आयोडीनला जास्त लागते, आणि आपण ते ०.०२५ धरून गणित केले की ऑक्सिजन फुगतो. दुसऱ्या दिवशी बाटली परत तपासली. नॉर्मॅलिटी ०.०२०५ आली. शीटमध्ये तो एक आकडा बदलला आणि ८.७चे ७.१ झाले.

पाण्याचा नमुना केव्हाच ओतून दिला होता. तरी उत्तर दुरुस्त करता आले, कारण ब्युरेटची रीडिंग जशीच्या तशी राहिली होती. त्या दिवसापासून बाटलीच्या पानाबद्दल कोणी कुरकुर केली नाही. निदान माझ्यासमोर नाही.

कॉपी आणखी सोपी होणार नाही का? कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही!

होते की. पण पकडणेही सोपे होते. पंचवीस रीडिंग एका क्षणात पानावर उतरली तर इतिहासात ते स्वच्छ दिसते, कारण खरी टायट्रेशन करणाऱ्याच्या नोंदी आठ-दहा मिनिटांच्या अंतराने पडतात. शिवाय आकडेच बोलतात. ज्याची तिन्ही रीडिंग १२.४, १२.४, १२.४ आहेत त्याच्याकडे मी आधी जातो. ब्युरेटवर ०.१ मिलिच्या खुणा असतात, नीट पाहिले तर मधल्या ०.०५चा अंदाज येतो. तीन वेळा अगदी तेच येऊ शकते, दर आठवड्याला येत नाही.

मुलांना एवढे सगळे बजावत बसण्यापेक्षा आम्ही नमुनेच वेगळे देतो. प्रत्येक जोडी आपल्या गावचे पाणी आणते: साखळीची विहीर, पेडण्याचा ओहोळ, दिवाडीच्या खाजनातल्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) मानशीजवळचे, म्हणजे पाण्याच्या झडपेजवळचे पाणी. उतरवायला कोणाचे घेणार?

फील्डवर नेटवर्क नसते, आणि पावसात वीज जाते. तेव्हा?

तेव्हा कागद. छापलेला निरीक्षण-तक्ता, क्लिपबोर्ड आणि पेन्सिल. पेन नको, भिजले की शाई पसरते. पाणी, वेळ, तापमान, भरती-ओहोटी जागेवर लिहायचे आणि त्याच दिवशी तक्त्याचा फोटो नोंदीत चिकटवायचा. नंतर आकडे टाइप करा, पण मूळ म्हणजे तो फोटो, आणि कागदही सत्र संपेपर्यंत फाइलला लावून ठेवायचा. कागदाला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो दुसऱ्यांदा सुंदर करून लिहिण्याला.

डॉक्सच्या फोनवरच्या ॲपमध्ये एखादे डॉक्युमेंट ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवता येते. ते घरून निघतानाच करायचे. जेटीवर उभे राहून, रेंज गेल्यावर आठवते.

लॅबमध्ये मोबाइल? ॲसिडच्या शेजारी?

जोडीला एकच, आणि तो लिहिणाऱ्याच्या हातात. लिहिणारा हातमोजे घालत नाही, बाटलीला हात लावत नाही, त्याची जागा टेबलाच्या कोरड्या टोकाला. अर्ध्या वेळाने अदलाबदल, हात धुऊन. फोन झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवला तरी चालतो. ज्यांच्याकडे चांगला फोन नाही त्यांच्यासाठी विभागाने दोन-तीन जुने टॅब किंवा लॅपटॉप ठेवायलाच हवेत, आणि ते मागावे लागू नयेत, टेबलावर मांडलेले असावेत.

मराठीत लिहिले तर चालेल का?

निरीक्षण ज्या भाषेत डोक्यात येते त्या भाषेत लिहा. परीक्षेची भाषा इंग्रजी असेल तर निष्कर्ष इंग्रजीत लिहावा लागेल, ते वेगळे. एका मुलाने क्लोराइडच्या चाचणीत ‘उकड्या तांदळाच्या पेजेसारखे झाले’ असे लिहिले होते. गोव्यात वाढलेल्या कोणालाही किती दाट आणि किती पांढरे ते लगेच कळले. ‘व्हाइट प्रेसिपिटेट’मधून एवढे कळत नाही.

दोन तांत्रिक गोष्टी सांभाळा. टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपीच्या फाँटात लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर उघडले की अगम्य अक्षरांचा सडा पडतो आणि शोधही लागत नाही. आणि शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका. १२.४ असे देवनागरीत टाकले तर शीट त्याला बहुधा मजकूर समजते आणि सरासरी काढत नाही.

फोटोंनी जागा भरणार नाही का?

हिशेब करून पाहा. वीस मुले, बारा प्रॅक्टिकल, प्रत्येकाचे चार फोटो, एक फोटो ३ एमबी: सगळे मिळून सुमारे २.९ जीबी. गूगलच्या फुकट खात्यावरदेखील १५ जीबी मिळतात. व्हिडिओ मात्र नको. रंगबदलाचे व्हिडिओ सर्वांनाच काढावेसे वाटतात आणि नंतर कोणीही पाहत नाही.

परीक्षेला सही-शिक्क्याचे जर्नल मागतात. तेव्हा काय दाखवायचे?

हे सत्र सुरू होण्याआधी परीक्षा विभागाला आणि विषयाच्या अभ्यास मंडळातल्या कोणाला तरी विचारून घ्या, तोंडी नको, लेखी. आमच्याकडे सत्राच्या शेवटी प्रत्येक जोडीची वही पीडीएफ करून, पहिले पान छापून त्यावर विभागप्रमुखांची सही होते. बाहेरून आलेले परीक्षक आधी साशंक असतात. मग एखादी नोंद उघडून ‘हे तिसरे रीडिंग का खोडले?’ असे विचारतात, आणि व्हायवा आपोआप सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याने २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून मान्यता आहे, पण तो मुद्दा परीक्षकांपुढे काढू नका. उगाच वातावरण तापते.

मुलगी रात्री अकरापर्यंत मोबाइलवर असते आणि ‘प्रॅक्टिकल लिहिते’ म्हणते. खरे का?

नोंद प्रॅक्टिकलच्या वेळातच पूर्ण व्हावी अशी रचना आहे. घरी गणित आणि निष्कर्ष राहतो, अर्ध्या-पाऊण तासाचे काम. बाकीच्या वेळाचे मी सांगू शकत नाही.

वही सर्वांना खुली ठेवावी का?

कल्पना चांगली आहे. अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जीन-क्लॉड ब्रॅडली यांनी २००६ मध्ये ‘ओपन नोटबुक सायन्स’ हे नाव देऊन आपल्या गटाची प्रयोगवही रोजच्या रोज इंटरनेटवर उघडी ठेवली, फसलेल्या प्रयोगांसकट. पण ते संशोधन होते. आपली मुले अठरा-एकोणीस वर्षांची, शिकत असलेली. त्यांच्या चुका त्यांच्या नावानिशी कायमच्या गूगलमध्ये सापडाव्यात असे मला वाटत नाही. वर्गात सर्वांना सर्वांचे आकडे दिसू द्या, बाहेर नको. पाण्याच्या तपासणीची आकडेवारी बाहेर द्यायचीच असेल तर नावे, पीआर नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि चेहरे असलेले फोटो काढून द्या. घरच्या विहिरीच्या फोटोत फोनने घातलेले ठिकाणही असते, तेही पुसा.

कंपनीने सेवा बंद केली, किंवा यंत्रच बिघडले तर?

ब्रॅडली यांच्या गटाची वही विकिस्पेसेसवर होती. ती सेवा २०१८ मध्ये बंद पडली. म्हणून पहिल्या दिवशीच पाहा की सगळे बाहेर कसे काढता येते, आणि एकदा काढून पाहाच. पीडीएफ माणसांसाठी, आकडे सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या तक्त्यात, यंत्रांसाठी.

यंत्राचे म्हणाल तर तो धडा आम्ही घरीच गिरवला. स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर आमची ईलॅबएफटीडब्ल्यूची वही होती. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी विजा कडाडल्या आणि डिस्क गेली. बॅकअप होता. रोज रात्री न चुकता होत होता, त्याच डिस्कवर. तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या आणि एम.एस्सी.च्या मुलांपुढे उभे राहणे मला जड गेले. आता एक प्रत दुसऱ्या इमारतीत आणि एक क्लाउडवर जाते. डेटाबेस आणि अपलोडचे फोल्डर, दोन्ही घ्यावे लागतात. नुसता डेटाबेस घेतला तर मजकूर परत येतो, फोटो येत नाहीत. महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर सगळे उघडून पाहतो. यूपीएस त्यानंतर आठवड्याभरात मंजूर झाला, आधी दोन वर्षे अर्ज पडून होता.

विद्यार्थी कॉलेज सोडून गेल्यावर?

त्याचे खाते बंद होते, वही शिक्षकाच्या फोल्डरात राहते. जाण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या वहीची पीडीएफ द्या. खासगी खात्यावर कोणी काही ठेवले असेल तर सांगून ठेवा की दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते.

कपाटातल्या जुन्या जर्नलांचे काय करायचे?

आमच्या लॅब असिस्टंटचा हा प्रश्न. आमच्या हवेत वाळवी आणि बुरशी त्यांचे काम करतच असतात. फेअर जर्नले आम्ही रद्दीत दिली. कपाटाच्या तळाशी पाच-सहा रफ वह्या निघाल्या, कोणाच्या ते कळत नाही, पण एकीत जुन्या मे महिन्यातली झुआरीच्या पाण्याची क्लोराइडची रीडिंग होती, वेळेसकट, भरतीच्या नोंदीसकट. ती तेवढी स्कॅन करून ठेवली आहे.